कला + टेक्नॉलॉजी फायनल इयर प्रोजेक्ट: पात्रता, कागदपत्रं आणि परवानग्या कुठल्या क्रमाने घ्यायच्या

सेन्सर, कॅमेरा, प्रोजेक्टर, कोड असं सगळं घेऊन फायनल इयरला एखादं इन्स्टॉलेशन (जागेत उभी केलेली, प्रेक्षकाने अनुभवायची कलाकृती) करायचंय अशी मुलं आता बरीच दिसतात आणि मला ते मनापासून आवडतं, पण यातली बहुतेक जण वस्तू आधी बनवायला घेतात आणि फॉर्म नंतर बघू म्हणतात, आणि तिथेच अडकतात. साधा सॉफ्टवेअर प्रोजेक्ट असेल तर हे चालून जातं. इथे मात्र तुमच्या कामासमोर खरा माणूस उभा राहणार, त्याचा चेहरा कॅमेऱ्यात येणार, डोळ्यांवर लाईट पडणार, म्हणून परवानग्या जास्त लागतात आणि कधी कधी त्या परवानगीपायी अख्खं डिझाईन बदलावं लागतं. ते बदल सोल्डरिंग करायच्या आधी कळलेले बरे. त्यामुळे माझं सांगणं एकच, आधी एथिक्स (माणसांवर काम करताना पाळायची नीती) आणि सेफ्टी, मग कोड. प्रत्येक विद्यापीठाची हँडबुक वेगळी असते, फॉर्मची नावं वेगळी असतात, तुमची हँडबुक नीट वाचाच, पण विचारतात ते साधारण सगळीकडे हेच.

पात्रता

प्रोजेक्ट रजिस्टर करायला साधारणपणे आधीच्या वर्षांचे ठरलेले क्रेडिट पूर्ण लागतात, रिसर्च मेथड्ससारखा एखादा पेपर आधी पास व्हावा लागतो आणि एका गाईडची लेखी संमती लागते. दोन विषय एकत्र करताय तर दोन गाईड मागा, एक कलेच्या बाजूचे आणि एक टेक्निकल. बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या डिपार्टमेंटचे को-गाईड घ्यायचे तर दोन्ही विभागप्रमुखांच्या सह्या लागतात, त्याला वेळ जातो, म्हणून हे काम अगदी सुरुवातीला करा. मार्किंगचे निकष कुठल्या डिपार्टमेंटचे लागणार हे पण तेव्हाच लेखी घ्या, कारण इंजिनिअरिंगवाले टेस्टिंगचे आकडे बघणार आणि फाइन आर्टवाले संकल्पना आणि मांडणी बघणार, आणि ऐन व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) दिवशी हे कळलं तर काहीच करता येत नाही.

ग्रुप प्रोजेक्ट असेल तर कोण काय करणार याचं पत्र लागतं, सगळ्यांच्या सह्यांसकट. आधीच्या वर्षी मार्क मिळालेलं काम जसंच्या तसं परत देता येत नाही, त्याच्यावर पुढे काम करताय तर जुनं किती आणि नवीन किती हे स्पष्ट लिहावं लागतं. एखादी कंपनी पैसे किंवा साहित्य देत असेल तर कामाची मालकी कोणाची आणि ते प्रदर्शनात दाखवता येणार का, हे करारात आधी बघून मगच सही करा.

प्रपोजल

प्रपोजल दोन-चार पानांचं असतं पण सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या. कमिटीला कल्पना भव्य असण्यापेक्षा हे तुम्हाला दिलेल्या वेळात जमेल का आणि जमलं की नाही हे तपासायचं कसं, याचं उत्तर हवं असतं. 'माणूस आणि निसर्ग यांचं नातं दाखवणारं इंटरॅक्टिव्ह इन्स्टॉलेशन' असं लिहिलं तर कोणालाच काही कळत नाही. त्याऐवजी 'प्रेक्षक दोन मीटरच्या आत आला की त्याच्या हालचालीच्या वेगाप्रमाणे भिंतीवरच्या रेषा दाट होतात, आणि ही हालचाल आपल्यामुळे होतेय हे प्रेक्षकाला न सांगता कळतं का ते बघायचंय' असं लिहा, यात काय बनवणार आणि काय तपासणार दोन्ही आलं.

आधी झालेल्या कामाच्या भागात फक्त टेक्निकल पेपर देऊ नका, कलेचा इतिहास पण हवा, आणि तो खरंच मोठा आहे. १९६६ च्या ऑक्टोबरमधे न्यूयॉर्कला 'नाइन ईव्हनिंग्ज' नावाने जे प्रयोग झाले त्यात १० कलाकार आणि बेल लॅब्स या संशोधन संस्थेचे साधारण ३० इंजिनिअर एकत्र होते, इंजिनिअर बिली क्लूव्हर आणि चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग त्यातले मुख्य. १९६८ ला लंडनच्या आयसीए या कलासंस्थेत यासिया रायखार्ट यांनी कम्प्युटर आणि कलेवरचं 'सायबरनेटिक सेरेंडिपिटी' प्रदर्शन भरवलं. ऑस्ट्रियातल्या लिंझला आर्स इलेक्ट्रॉनिका हा कला आणि टेक्नॉलॉजीचा महोत्सव १९७९ पासून होतोय. यातलं एखादं काम नीट अभ्यासून तुमचं काम त्याच्यापुढे कुठे जातं हे सांगितलंत तर प्रपोजलला वजन येतं, नुसती नावं टाकून उपयोग नाही.

टूल्स कुठली वापरणार ते लिहिताना लायसन्स पण तपासा. प्रोसेसिंग (कोडने चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर) २००१ ला एमआयटी मीडिया लॅबमधे केसी रीस आणि बेन फ्राय यांनी सुरू केलं, आर्डुइनो (सेन्सर, लाईट चालवायचा छोटा बोर्ड) २००५ ला इटलीतल्या इव्रेआत, दोन्ही ओपन सोर्स आणि दोन्ही शिकणाऱ्यांसाठीच बनवलेले, त्यामुळे तिथे प्रश्न येत नाही. टचडिझायनर या लाइव्ह व्हिज्युअल्सच्या सॉफ्टवेअरचं फुकट व्हर्जन मात्र फक्त नॉन-कमर्शियल वापरासाठी आहे आणि त्यात आउटपुट १२८० बाय १२८० पिक्सेलवर अडतं, मोठ्या भिंतीवर मॅपिंग (प्रोजेक्टरचं चित्र भिंतीच्या आकारात बसवणं) करायचं असेल तर एज्युकेशनल लायसन्ससाठी डिपार्टमेंटकडे अर्ज आधीच टाकून ठेवा.

एथिक्स फॉर्म, इथे जरा थांबून वाचा

माणसांवर टेस्टिंग करणार, त्यांचे फोटो, आवाज, चेहरा, हृदयाचे ठोके असं काहीही घेणार तर एथिक्स मंजुरी लागते आणि ती डेटा घ्यायच्या आधी लागते. नंतर मागून मिळत नाही, आणि मंजुरीशिवाय घेतलेला डेटा बहुतेक ठिकाणी रिपोर्टमधे वापरता येत नाही, म्हणजे सगळी मेहनत फुकट. मित्रमैत्रिणींवर टेस्टिंग केलं तरी ते टेस्टिंगच धरतात. फॉर्मसोबत प्रश्नावलीचा मसुदा, माहितीपत्रक आणि संमतीपत्र जोडायचं असतं. माहितीपत्रकात सोप्या भाषेत लिहा, काय होणार, किती वेळ लागणार, काय रेकॉर्ड होणार, कुठे ठेवणार, कधी डिलीट करणार, आणि कुठल्याही क्षणी कारण न देता बाहेर पडता येईल. १८ वर्षांखालचं कोणी असेल तर पालकांची संमती वेगळी लागते आणि तपासणी कडक होते, म्हणून गरज नसेल तर मोठ्यांपुरतंच ठेवा.

कॅमेऱ्याबद्दल कमिटी नक्की विचारते. तुम्हाला खरंच चेहरा हवाय की माणूस कुठे उभा आहे एवढंच हवंय? बहुतेक वेळा दुसरंच पुरतं. मग डेप्थ कॅमेरा किंवा अल्ट्रासॉनिक सेन्सर (दोन्ही अंतर मोजतात) वापरा, नाहीतर साध्या कॅमेऱ्यातून फक्त आकृती काढा आणि फ्रेम सेव्हच करू नका, सगळं तिथल्या तिथे कम्प्युटरच्या मेमरीत होऊन पुसलं जाईल असं लिहा. एवढ्या एका बदलाने फॉर्म बराच सोपा होतो. युरोपातल्या देशांमधे २०१८ पासून जीडीपीआर हा खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे आणि त्यात माणूस ओळखण्यासाठी वापरलेला बायोमेट्रिक डेटा विशेष प्रकारात येतो, तिथे शिकत असाल तर हे फारच महत्त्वाचं.

खुल्या गॅलरीत येणाऱ्या प्रत्येकाची सही घेणं शक्य नसतं. तिथे दारावर दिसेल असा बोर्ड लावायचा की आत सेन्सर किंवा कॅमेरा चालू आहे, आणि ज्याला नकोय त्याला बाजूने जाता येईल अशी वाट ठेवायची, आणि या दोन्हींचं स्केच फॉर्मला जोडायचं.

रिस्क असेसमेंट

यात धोका कुठला, कोणाला, आणि तुम्ही काय करणार असे रकाने असतात. चमकणाऱ्या लाईटबद्दल आवर्जून सांगते. १९९७ च्या डिसेंबरमधे जपानमधे टीव्हीवरच्या एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या झगमगाटामुळे कित्येकशे मुलांना हॉस्पिटलमधे न्यावं लागलं होतं. वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी नियमांत एका सेकंदात तीनपेक्षा जास्त फ्लॅश नकोत असं म्हटलंय, इन्स्टॉलेशनलाही तीच मर्यादा धरून चला आणि तरीही दाराशी सूचना लावा.

विजेचं गणित फॉर्ममधेच मांडा. डब्ल्यूएस२८१२बी जातीची एलईडी पट्टी पूर्ण पांढरी लावली की एक एलईडी साधारण ६० मिलिअँप घेतो, म्हणजे ३०० एलईडीला ५ व्होल्टवर १८ अँपपर्यंत जाऊ शकतं, आणि हे यूएसबीवर किंवा ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता सर्किट जोडायच्या पट्टीच्या) बारीक वायरीवर चालवलं तर वायर तापते. योग्य पॉवर सप्लाय, फ्यूज, ठिकठिकाणी पॉवर जोडणं हे लिहिलेलं असलं की टेक्निशियन लवकर सही करतात. लिथियम पॉलिमर बॅटरी असेल तर चार्जिंग कुठे आणि कोणाच्या देखरेखीखाली ते लिहा. लेझर असेल तर त्याचा क्लास (धोक्याची श्रेणी) लिहावाच लागतो, दिसणाऱ्या प्रकाशाचा क्लास २ म्हणजे १ मिलिवॉटपर्यंत, त्याच्या वरचं काही असेल तर आधी लेझर सेफ्टी बघणाऱ्यांशी बोला. वर्कशॉपमधल्या लेझर कटरसाठी वेगळं ट्रेनिंग असतं, त्याचं सर्टिफिकेट पण जोडायचं.

कॉपीराइट

गाण्यावर दोन वेगवेगळे हक्क असतात, रचनेचा एक आणि रेकॉर्डिंगचा एक, त्यामुळे जुनी रचना मोकळी झाली असली तरी तिचं नवीन रेकॉर्डिंग मोकळं असतंच असं नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचं (ठरलेल्या अटींवर वापरायला मोकळं ठेवलेलं) साहित्य घेताना पुढची अक्षरं बघा, बीवाय म्हणजे नाव द्यायचं, एनसी म्हणजे व्यावसायिक वापर नाही, एनडी म्हणजे बदल करून पुढे शेअर करता येत नाही, आणि आपलं काम तर बदल करण्याचंच असतं, म्हणून एनडी टाळा. फ्रीसाउंड या आवाजांच्या वेबसाइटवर सीसी झीरोचा (कसलीच अट नसलेल्या साहित्याचा) फिल्टर लावला की बरीच कटकट वाचते. एआय वापरून चित्र किंवा कोड बनवला असेल तर कुठे आणि किती हे डिक्लेरेशनमधे लिहा, लपवलं तर ते गैरप्रकारात जाऊ शकतं.

सबमिशन

शेवटी द्यायचं ते रिपोर्ट, सोर्स कोड, सर्किटचं ड्रॉइंग, मंजूर झालेले एथिक्स आणि रिस्क फॉर्म, कोऱ्या संमतीपत्राचा नमुना, स्वतःचं काम असल्याचं सही केलेलं पत्र, आणि व्हिडिओ. व्हिडिओ कधीच शेवटच्या दिवसावर ठेवू नका. इन्स्टॉलेशन उतरवलं की परीक्षकांकडे पुरावा म्हणून तोच राहतो. वेबवरच्या ॲनिमेशनसाठीच्या ॲडोबी फ्लॅश सॉफ्टवेअरचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला तेव्हा वेबवरची कितीतरी कलाकामं उघडेनाशी झाली, म्हणून कोडसोबत लायब्ररींची व्हर्जन लिहा, वाचून दुसऱ्या कोणाला सगळं उभं करता येईल अशी सूचनांची फाइल द्या, आणि माणूस समोर आल्यावर काय होतं ते एकही कट न मारता शूट केलेली एक क्लिप ठेवा, एडिट केलेली फिल्म वेगळी.

सह्या केलेली संमतीपत्रं रिपोर्टला जोडायची नसतात, त्यात लोकांची नावं असतात, ती गाईडकडे किंवा ठरवून दिलेल्या ठिकाणी बंद ठेवायची आणि एथिक्स फॉर्मवर जी तारीख लिहिलीय त्या तारखेला डेटा खरंच डिलीट करून गाईडला तसा मेल टाकायचा. डिपार्टमेंटचं साहित्य परत केल्याची पावती पण घ्या, काही ठिकाणी तिच्याशिवाय मार्क जाहीर होत नाहीत.