उन्हातही गारठणारा जखमी

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३ अंशांच्या पुढे जातो. अशा दुपारी पुणे किंवा हैदराबाद रस्त्यावर अपघात झाला, की जमलेली माणसं जखमीला वारा घालतात, तोंडावर पाणी मारतात. मदतीची तळमळ खरी असते. पण भरपूर रक्त गेलेला माणूस त्या उन्हातही आतून गार पडत असतो. (उष्माघाताचं वेगळं. त्या रुग्णाला गार करायचंच असतं.)

आपल्या पेशी ऑक्सिजन वापरून उष्णता तयार करतात आणि तो ऑक्सिजन रक्त पोहोचवतं. मोठ्या माणसात साधारण ५ लिटर रक्त असतं. त्यातलं दीड-दोन लिटर वाहून गेलं, की सरपण संपलेल्या चुलीसारखं शरीर विझू लागतं. कपडे ओले असतील तर तेही सुकताना अंगातली ऊब ओढून नेतात. शरीराचं तापमान ३७ वरून ३४ अंशांवर उतरलं, की रक्त गोठवणारी प्रथिनं संथ होतात आणि प्लेटलेट्सचं कामही बिघडतं. रक्त थांबत नाही म्हणून अंग आणखी गारठतं, आणि गारठतं म्हणून रक्त थांबत नाही. त्यात ऑक्सिजनअभावी रक्तातलं आम्ल वाढतं आणि गोठणं आणखीच अवघड होतं.

इराक-अफगाणिस्तानच्या रणरणत्या उन्हातही जखमी सैनिक गारठलेल्या अवस्थेत रुग्णालयात पोहोचत. म्हणून रणभूमीवरच्या वैद्यकीय सहायकांना आज क्रम शिकवतात तो असा: आधी मोठा रक्तस्राव, मग श्वासमार्ग, छाती, रक्ताभिसरण, आणि लगोलग डोक्याची इजा व गारठा. रणांगणावरची शस्त्रक्रिया आपल्या गावाला परकी नाही. १९३८मध्ये चीनला गेलेले आणि तिथेच १९४२मध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता वारलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचेच.

या क्रमातल्या दोन टोकांसाठी लागणाऱ्या वस्तू आपल्याकडे घरोघरी आहेत: टॉवेल आणि चादर. टॉवेल जखमेवर नुसता ठेवून भागत नाही. हाता-पायाची जखम खोल असेल तर स्वच्छ कापड आत कोंबायचं आणि दोन्ही हातांनी, कोपर ताठ ठेवून, अंगाचा सगळा भार टाकून दाबायचं. ‘थांबलं का?’ म्हणून सारखं उचलून बघायचं नाही, नुकती धरू लागलेली गुठळी त्यानं सुटते. हाता-पायातून रक्त उसळत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तर जखमेच्या वर चार बोटं, सांधा सोडून, रुंद पट्टा बांधायचा आणि त्यात काठी घालून रक्त थांबेपर्यंत पिळायचा. सुतळी किंवा वायर नको, ती मांसात रुतते. पट्टा कधी बांधला ती वेळ लिहून ठेवायची. साधारण २ तासांपर्यंत तो सहसा अवयवाला कायमची इजा करत नाही. एकदा बांधल्यावर आपण सैल करायचा नाही.

मग कोरडी चादर. एक अंगाखाली, एक अंगावर. तापलेल्या डांबरावरही खालची हवीच, नाहीतर पाठ भाजते. पाणी, चहा काही पाजू नये, कारण पुढे भूल द्यावी लागू शकते.

१०८ची रुग्णवाहिका आली, की जखम किती वाजता झाली ते डॉक्टरांना नक्की सांगावं. तयार झालेली गुठळी टिकवणारं ट्रॅनेक्सॅमिक आम्ल नावाचं औषध आहे. २० हजारांहून अधिक जखमींवर झालेल्या आणि २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यानं मृत्यू कमी झाले, पण ते ३ तासांच्या आत द्यावं लागतं. उशिरा दिलं तर अपायही होऊ शकतो.