सेंट पीटर्स फील्ड, मँचेस्टर

इंग्लंडमधील मँचेस्टर शहरातील एकेकाळचे मोकळे मैदान. जमीनदारांच्या हातची सत्ता गिरणीमालकांकडे आणि फार उशिराने कामगारांकडे व स्त्रियांकडे कशी सरकली, त्याच्या खुणा या एका जागेवर सापडतात.

वाफेच्या इंजिनामुळे सूतगिरण्यांना नदीकाठ धरून राहायची गरज उरली नाही. १७६१ च्या ब्रिजवॉटर कालव्याने कोळसा स्वस्त केला होता. गिरण्या शहरात आल्या आणि १८३१ पर्यंत मँचेस्टरची वस्ती दीड लाखाच्या घरात गेली. पण १८३२ पर्यंत संसदेत शहराचा एकही प्रतिनिधी नव्हता. सॅलिसबरीजवळचे ओल्ड सॅरम मात्र दोन सदस्य पाठवी. ती होती एक ओसाड, गवताळ टेकडी; मतदार सगळे बाहेरगावचे.

१६ ऑगस्ट १८१९ रोजी मताधिकार मागायला सुमारे ६०,००० माणसे मैदानात जमली. आसपासच्या गावांतले हातमाग विणकर ठेवणीतले कपडे घालून, बायकापोरांसह चालत आले होते. हेन्री हंट या वक्त्याला पकडण्यासाठी घोडेस्वार गर्दीत घुसले आणि तलवारी चालल्या. किमान १५ जण मेले, शेकडो जखमी झाले. वॉटर्लूच्या लढाईला चारच वर्षे झाली होती. ‘सेंट पीटर्स’ला वॉटर्लूचे नाव जोडून लोक या कत्तलीला ‘पीटरलू’ म्हणू लागले. त्या घोडेस्वारांत शहरातल्याच दुकानदार-कारखानदारांच्या घरचे तरुण होते, हे विसरता कामा नये.

१८३२ च्या सुधारणा कायद्याने ओल्ड सॅरमसह ५६ मतदारसंघ रद्द केले आणि मँचेस्टरला दोन जागा दिल्या. पण शहरात मतासाठी वर्षाला १० पौंड भाडेमूल्याच्या घराची अट होती. गिरणीमालक आत आले, मैदानात रक्त सांडलेले विणकर बाहेरच राहिले. बऱ्याच शहरी कामगारांना मत मिळायला १८६७ उजाडले. स्त्रियांना तर कायद्याने ‘पुरुष’ हा शब्द घालून स्पष्टच वगळले होते.

याच मैदानातल्या, कापड व्यापारी आणि मुक्त व्यापाराचे पुढारी रिचर्ड कॉब्डेन यांच्या जमिनीवर १८४० मध्ये लाकडी सभागृह उभे राहिले. परदेशी धान्यावर कर लादणारे, जमीनदारांच्या फायद्याचे धान्य कायदे उठवण्याची चळवळ तिथून चालली आणि १८४६ मध्ये यशस्वी झाली. ते रद्द करणारे पंतप्रधान रॉबर्ट पील स्वतः कापड कारखानदाराचे चिरंजीव होते. मँचेस्टर ज्या लँकेशायर परगण्यात होते, तिथल्या गिरणीमालकांच्या या वजनाचा भार पुढे मुंबईच्या गिरण्यांनीही सोसला: १८९६ मध्ये त्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला.

त्याच जागी नंतर बांधलेल्या दगडी ‘फ्री ट्रेड हॉल’मध्ये ऑक्टोबर १९०५ मध्ये उदारमतवादी पक्षाची सभा होती. स्त्री-मताधिकार चळवळीतल्या क्रिस्टाबेल पँकहर्स्ट आणि गिरणी कामगार ॲनी केनी यांनी उभे राहून विचारले: तुमचे सरकार स्त्रियांना मत देणार का? उत्तर मिळाले नाही. दोघींना बाहेर काढून अटक झाली. दंड भरायला नकार देऊन त्या तुरुंगात गेल्या.