पार्श्वभूमी : खानदेशच्या वेगवान गोलंदाजाला पुणे लांब का पडते

महाराष्ट्र राज्यातून रणजी करंडकात, म्हणजे देशातल्या मुख्य क्रिकेट स्पर्धेत, तीन संघ उतरतात : मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. खानदेश (जळगाव, धुळे, नंदुरबार) तिसऱ्याच्या वाट्याला आला, आणि त्या संघाचा कारभार पुण्यातून चालतो. मुक्ताईनगर ओलांडून मलकापुरात पाऊल ठेवले की विदर्भ लागतो, म्हणजे निवडीसाठी नागपूर. नंदुरबारहून सुरत गाडीने जवळ, पण ती गुजरातच्या हद्दीत. जळगावच्या पोराने सुमारे चारशे किलोमीटरवरचे पुणेच गाठायचे. हे अंतर फलंदाजापेक्षा वेगवान गोलंदाजाला जास्त नडते. फलंदाजाची शतके पेपरात छापून येतात. चेंडूचा वेग मात्र कुणीतरी मैदानाच्या कडेला उभे राहून पाहावा लागतो.

त्यातून सुरुवात टेनिस बॉलवर. त्यावर खांदा जोरात फिरतो, यॉर्करही जमतो, पण शिवणच नसल्याने स्विंगसाठी, म्हणजे चेंडू हवेत वळवण्यासाठी, मनगट कसे ठेवायचे ते कळत नाही. लेदर बॉल हाती आला की निम्मे शिक्षण नव्याने सुरू होते. वर मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीच्या घरात. तेव्हा लांब स्पेलचा, म्हणजे सलग बऱ्याच षटकांचा, सराव व्हायचा तो पहाटेच.

नजरेत भरणे आणि संघात बसणे या दोन गोष्टी किती वेगळ्या, ते कळायला शेजारच्या नाशिक जिल्ह्यात डोकवावे. सिन्नरचे वेगवान गोलंदाज पांडुरंग साळगावकर १९७१-७२ च्या हंगामात महाराष्ट्राकडून खेळू लागले. तेव्हाच्या भारतीय संघात बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन या फिरकीपटूंचे राज्य होते. नव्या चेंडूचे काम एवढेच, की त्याची लकाकी लवकर जावी आणि तो फिरकीपटूंच्या हाती द्यावा. आबिद अली, सोलकर, प्रसंगी खुद्द गावसकरही ते उरकत. साळगावकर १९७४ च्या सुरुवातीला भारतीय संघाबरोबर श्रीलंकेला गेले, पण त्या सामन्यांना कसोटीचा दर्जा नव्हता. त्याच वर्षीच्या इंग्लंड दौऱ्यावर त्यांना नेलेच नाही. लॉर्ड्सवर भारत ४२ धावांत गारद झाला तो हाच दौरा. पुढे त्यांनी ६३ प्रथम श्रेणी सामन्यांत २१४ बळी घेतले; कसोटी एकही नाही. माझ्या मते हा माणूस चार वर्षे लवकर जन्मला. १९७८ मध्ये कपिलदेव आला आणि वेगवान गोलंदाजाकडे बघण्याची नजर बदलली. गंमत पाहा, २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धची पुण्याची कसोटी तीन दिवसांत फिरकीवर संपली, तेव्हा तिथले क्युरेटर, म्हणजे खेळपट्टी तयार करणारे, साळगावकरच होते.

१९८७ मध्ये चेन्नईत वेगवान गोलंदाज घडवणारे एमआरएफ पेस फाउंडेशन निघाले, ऑस्ट्रेलियाचे वेगवान गोलंदाज डेनिस लिली तिथे शिकवू लागले. श्रीरामपूरच्या झहीर खानला त्याचा मोठा आधार मिळाला. पण त्याची वाट पुण्यावरून गेलीच नाही : श्रीरामपूर, मुंबईतले क्लब क्रिकेट, चेन्नई, मग बडोद्याचा रणजी संघ. ३११ कसोटी बळी घेणारा हा गोलंदाज महाराष्ट्राच्या रणजी संघाकडून एकदाही खेळला नाही. उमेश यादवची गोष्ट नागपूरकडची. पोलीस भरतीत जमले नाही, लेदर बॉल विशीच्या आसपास हाती आला, आणि २०११ मध्ये तो कसोटी खेळला. विदर्भाचा तो पहिला कसोटीपटू.

आयपीएल २००८ मध्ये आली. त्याआधी क्रिकेट हा पेशा म्हणजे खरे तर नोकरी : रेल्वे, बँक, नाहीतर एखाद्या कंपनीचा संघ. त्या बाबतीत भुसावळ जंक्शनमुळे खानदेशात रेल्वेच्या नोकरीचे आकर्षण जुनेच. जळगावात जैन इरिगेशनने क्रिकेट संघ उभा केला. पण तोही नावारूपाला आला मुंबईच्या कॉर्पोरेट स्पर्धांत.

२०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि छत्रपती संभाजीनगर असे तेव्हा सहा संघ होते. जळगाव-धुळ्याच्या नावाचा एकही नव्हता. इथल्या पोराला लिलावात कुणी घेतलेच, तर जर्सी दुसऱ्या जिल्ह्याची असते.