पाय वळवळणे (अस्वस्थ पाय विकार)

रात्री पाठ टेकली की पोटऱ्यांत खोलवर काहीतरी सरपटते, ओढल्यासारखे होते आणि पाय हलवल्यावाचून राहवत नाही, असा हा मज्जासंस्थेचा विकार. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने त्याचे वर्णन १६७२ साली केले. स्वीडनच्या कार्ल एकबोम यांनी १९४५ मध्ये त्याची सविस्तर मांडणी केली. दोघांच्या नावांवरून त्याला विलिस-एकबोम विकार असेही म्हणतात.

स्वस्थ बसल्या-पडल्यावर त्रास वाढतो, उठून चार पावले टाकली की तेवढ्यापुरता थांबतो, आणि संध्याकाळनंतर जोर धरतो. पोटरीत गोळा येतो तो वेगळा, तिथे स्नायू दगडासारखा होतो. मधुमेहातल्या मुंग्या आणि जळजळ चालल्याने सहसा थांबत नाहीत. झोप लागल्यावरही अनेकांचे पाय ठरावीक अंतराने झटके देतात. रुग्णाला ते कळत नाही, शेजारी झोपलेल्याला कळते.

सोलापुरात दिवसभर मांडी घालून विड्या वळणारी बाई किंवा मागावर पाळी करून आलेला कामगार "पाय ओढतायत" म्हणाला, की घरचे पाय चेपून देतात आणि शीण म्हणून विषय संपतो. शीण झोपेने जातो. हा त्रास झोपच येऊ देत नाही. हा फरक डॉक्टरांना आवर्जून सांगावा.

मुख्य धागा लोहाचा. मेंदूत डोपामाइन (हालचालींवर ताबा ठेवायला मदत करणारे रसायन) तयार व्हायला लोह लागते. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो, म्हणून रक्तातले फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) तपासावे. ते ७५ मायक्रोग्रॅम प्रतिलिटरपर्यंत किंवा त्याखाली असले तर या विकारात लोह देण्याचा विचार होतो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आणि डायलिसिसवर असणाऱ्यांत हा त्रास जास्त दिसतो; बाळंतपणानंतर तो बहुधा ओसरतो. पुष्कळ घरांत तो वंशपरंपरेनेही येतो.

ज्वारीत लोह असते, पण तिच्यातले फायटेट हे द्रव्य ते नीट अंगी लागू देत नाही आणि जेवणावरचा चहा आणखी अडवतो. कडक भाकरीसोबत पालेभाजीवर लिंबू पिळणे आणि चहा तासाभराने घेणे एवढे घरी करता येते. साठा खरोखर रिकामा असेल तर मात्र आहाराने भागत नाही.

झोप यावी म्हणून घेतलेल्या सर्दीच्या काही जुन्या प्रकारच्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्या, उलटीवरचे मेटोक्लोप्रामाइड आणि नैराश्यावरची काही औषधे हा त्रास वाढवतात. आता उपचारात गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन या मज्जातंतूंवरच्या औषधांना पसंती आहे. डोपामाइनसारखे काम करणाऱ्या गोळ्या सुरुवातीला छान लागू पडतात, पण पुढे त्रास रात्रीऐवजी दुपारपासूनच सुरू होऊ शकतो. तसे झाल्यास मात्रा आपल्या मनाने वाढवू नये आणि गोळी एकदम बंदही करू नये.