कुंभारकाम, खानदेशातील : रोजगाराचा ऱ्हास

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील भाजक्या मातीच्या व्यवसायातून काम टप्प्याटप्प्याने नाहीसे होण्याची प्रक्रिया.

व्यवसायाची प्राचीनता निर्विवाद आहे, आरंभकाल नाही. तापीकाठच्या सावळदा या स्थळावरून नाव पडलेल्या ताम्रपाषाणयुगीन भांड्यांना दायमाबाद (जि. अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर) येथील थरांच्या आधारे इ. स. पू. सुमारे २२००–२००० हा काळ दिला जातो. प्रकाशे येथील १९५४-५५ च्या उत्खननानंतर तेथील आद्य वस्ती इ. स. पू. सुमारे १७०० ची मानली गेली होती. दायमाबादला ही भांडी हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकालीन थराच्या खाली मिळाल्याने आधीचा काळ अधिक ग्राह्य वाटतो. हळू फिरणाऱ्या चाकावरची घडण, भेगाळलेला जाड लेप आणि त्यावर काळ्या रंगातील शस्त्रांच्या आकृती ही त्यांची खूण. सौराष्ट्राशी संबंध सुचविला गेला आहे, तथापि कवठे (जि. धुळे) येथील वस्ती पाहता स्थानिक घडणीचा वाटा मोठा असावा.

येथील काळी माती सुकताना फार आक्रसते व तडकते. म्हणून गाळाची माती चाळून तीत राख किंवा लीद मिसळतात. चुनखडीचा खडा राहिला तर भाजताना त्याचा कळीचा चुना होतो, तो हवेतील ओल शोषून फुगतो आणि आव्यातून (भांडी भाजण्याच्या भट्टीतून) धड निघालेल्या घागरीचा काही दिवसांनी टवका उडतो. ओलसर घागर आव्यात वाफेने फुटते. भाजण साधारण ७००–८०० अंश से. पुरते, आच फार चढल्यास छिद्रे बुजतात व पाणी गार होत नाही.

रांजण प्लॅस्टिकच्या टाकीने, हातकौल मंगलोरी कौल व पत्र्याने, स्वयंपाकाची मडकी अ‍ॅल्युमिनियमने हटविली. उरली ती आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) घागर, पोळ्याचे बैल, नवरात्राचे घट, पणत्या. म्हणजे हंगामी काम. खादी आयोगाच्या २०१८ च्या योजनेतील विजेच्या चाकाने घडण वेगवान होते. वाळवण, आवा व गिऱ्हाईक मात्र तेवढेच राहते.

वीटभट्टी हा कुंभारांचा दुसरा आधार. कोळशावरील औष्णिक वीज केंद्रांभोवती मातीच्या विटांत तेथील राख वापरण्याची सक्ती १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेने ५० किमी. परिघात केली, २००३ मध्ये तो १०० व २०१६ मध्ये ३०० किमी. झाला. भुसावळजवळील दीपनगर केंद्रामुळे खानदेश या परिघात येतो. याच राखेच्या, यंत्रात दाबलेल्या सिमेंटमिश्रित विटेला मात्र भाजण लागत नाही. त्यामुळे चिखल तुडविणे, थापणे, भट्टी रचणे व राखणे ही चारही कामे एकदम जातात. घरच्या घरी माती चाळणाऱ्या, मळणाऱ्या व भांडी रंगविणाऱ्या स्त्रियांना मजुरी वेगळी मिळत नसे. त्यांचे गेलेले काम बेरोजगारीच्या हिशेबात क्वचितच येते.