जुनी गाडी आणि खूप पळालेली गाडी

वापरलेली गाडी बघायला गेलं की पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात: कोणत्या सालची, आणि रनिंग किती? उत्तरं मात्र आपण एकाच खात्यात टाकतो. साल मागचं असेल तर जुनी, किलोमीटर जास्त असतील तरी जुनीच. गाडी घेताना होणाऱ्या निम्म्या चुका मला तरी इथूनच सुरू झालेल्या दिसल्या आहेत. किलोमीटरने गाडीचे काही भाग जातात, वर्षांनी काही वेगळेच भाग जातात. म्हणून कोणती गाडी नंतर कशासाठी खर्चात पाडेल, हे या दोन आकड्यांच्या बेरजेवरून कळत नाही.

किलोमीटर वाढतात तसे एकमेकांवर घासणारे भाग झिजतात. क्लच प्लेट, ब्रेक डिस्क, पिस्टन रिंग, चाकांची बेअरिंग, सस्पेन्शनचे जॉइंट हे सगळे त्यातले. वर्षांचा मार बसतो तो रबर, प्लास्टिक आणि गाडीतल्या द्रवांवर. होज पाइप कडक होतात, ऑइल सील आक्रसतात, खिडक्यांची रबरं चिरतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. मग लांब उतारावर ब्रेक तापले की त्यात वाफ धरते आणि पेडल पोकळ लागतं. म्हणूनच गाडी जागची हलली नसली तरी बहुतेक कंपन्या ते साधारण दर 2 वर्षांनी बदलायला सांगतात. बॅटरीसुद्धा नुसत्या उभ्या गाडीत मरते.

मावसभावासाठी गाडी शोधत होतो तेव्हा एकाच आठवड्यात आम्ही दोन गाड्या पाहिल्या. पहिली 11 वर्षांची, रनिंग फक्त 42,000. रंग चकचकीत, सीटवर डाग नाही. भाऊ तिथेच हो म्हणायला निघाला होता. मी आधी टायरजवळ खाली बसलो. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, ती त्याची जन्मतारीख. 2316 असेल तर 2016 सालचा 23वा आठवडा. या गाडीचे टायर गाडीच्याच वयाचे निघाले. नक्षी जवळजवळ पूर्ण होती, पण बाजूच्या रबरावर केसासारख्या बारीक चिरांचं जाळं होतं. नक्षी कितीही शिल्लक असली तरी 10 वर्षांपुढचा टायर मी वेगात वापरणार नाही, कुणाला वापरूही देणार नाही.

मग बॉनेट उघडून ऑइल भरायचं झाकण काढलं. आतल्या बाजूला सायीसारखा पिवळट थर. हे दिसलं की दोन शक्यता असतात. एक, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं सील, गेलंय आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, ऑइलमध्ये उतरतंय. दुसरी, गाडी कायम दोन-तीन किलोमीटरच चालवली जातेय. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होतं, जळणातून तयार झालेलं पाणी उडून जात नाही आणि ऑइलमध्ये मिसळतं. इथे कूलंटची पातळी बरोबर होती, ऑइल मोजायच्या पट्टीवरचं (डिपस्टिक) ऑइल दुधाळ नव्हतं, आणि मालक म्हणाले की गाडी बाजारहाटाला तेवढी लागते. म्हणजे दुसरी शक्यता. पण तीही हलक्यात घ्यायची नाही, कारण अशा वापरात ऑइल लवकर खराब होतं आणि पुढे आत गाळ धरतो.

दुसरी गाडी 6 वर्षांची आणि 1,70,000 किलोमीटर पळालेली. आकडा ऐकून भावाला ती बघायलाही यायचं नव्हतं. मालक रोज एका शहरातून दुसऱ्या शहरात कामाला जायचे. घरी परतल्यावर मी दोन्ही गाड्यांचं ढोबळ गणित मांडलं. हमरस्त्यावर सरासरी वेग 65 धरला तर 1,70,000 किलोमीटरला इंजिन सुमारे 2,600 तास चाललं. गल्लीबोळांत सरासरी 15 धरली तर 42,000 किलोमीटरला होतात 2,800 तास. म्हणजे 'कमी पळालेल्या' गाडीचं इंजिन जास्त वेळ चाललेलं होतं! चावी फिरवण्याचा हिशेब तर याहून बोलका. एका फेरीला 85 किलोमीटर धरले तर दुसरी गाडी 2,000 वेळा सुरू झाली. पहिली, फेरीला 3 किलोमीटर धरून, 14,000 वेळा. थंड इंजिन सुरू होताना ऑइल सगळीकडे पोचलेलं नसतं, आणि इंजिनाची बरीच झीज त्याच वेळी होते.

डिझेल गाडीत हा फरक आणखी जाणवतो. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर स्वच्छ व्हायला इंजिन बराच वेळ तापलेलं राहावं लागतं. नुसत्या छोट्या फेऱ्यांत तो चोंदतो, आणि तो बदलणं महागात जातं.

म्हणून खूप पळालेलीच घ्या असं मी म्हणत नाही. टर्बो, इंजेक्टर, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना किलोमीटर भोवतातच. आणि शहरातल्या गर्दीत झालेले दीड लाख हे हमरस्त्यावरचे दीड लाख नव्हेत. एका टोकाचं उदाहरण मात्र डोक्यात ठेवण्यासारखं आहे. अमेरिकेतले शिक्षक इर्व्ह गॉर्डन यांनी 1966 सालची व्होल्वो पी1800 घेतली आणि 2013 मध्ये तिच्यावर 30 लाख मैल, म्हणजे 48 लाख किलोमीटर पूर्ण केले. वयानेही जुनी, रनिंगनेही अफाट. ती टिकली, कारण ते नियमित लांब पल्ला चालवायचे आणि देखभालीच्या बाबतीत कडक होते.

मग समोरची गाडी वयाने आणि किलोमीटरने, दोन्हीने मोठी असेल तर? तेव्हा माझा भर सर्व्हिसच्या बिलांवर असतो. दोन कामं एकमेकांपासून लांब पडत असतील, तर मधल्या काळात काय झालं ते स्पष्ट विचारायचं. टायमिंग बेल्टला, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हची चाल जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याला, किलोमीटर आणि वर्षं अशा दोन्ही मर्यादा असतात, जी आधी येईल ती लागू. पुष्कळ इंजिनांत हा बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनच खोलावं लागतं. बदलल्याचा पुरावा नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं आणि तो खर्च किमतीतून वजा मागायचा. बिलांवरचे किलोमीटर क्रमाने वाढत गेलेत का तेही बघा, कारण डिजिटल मीटरसुद्धा मागे घेता येतो. 50,000 दाखवणाऱ्या गाडीच्या पेडलचं रबर गुळगुळीत आणि ड्रायव्हर सीटची कड दबलेली असेल, तर मी मीटरवर विश्वास ठेवत नाही.

काही गोष्टी दिसल्या की मात्र किमतीची बोलणीच करू नयेत: चासीला आरपार खाल्लेला गंज, सुरू करताना निळा धूर, गिअर टाकल्यावर घसरणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गाडी थंडच बघायची, सकाळी पहिल्यांदा सुरू होताना. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी परत जा.

भावाने दुसरी गाडी घेतली. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप बदलल्याचं बिल मालकांच्या फाइलमध्ये होतं. क्लच संपत आला होता, तो खर्च किमतीतून कमी करून मिळाला. पहिल्या गाडीलाही माझा सरसकट नकार नव्हता. चार टायर, बेल्ट, सगळे होज, बॅटरी आणि द्रव यांचा खर्च मी मालकांना कागदावर लिहून दिला होता. तो धरून त्यांनी किंमत खाली आणली असती, तर तीही घेण्यासारखी होती. ते म्हणाले, अहो, गाडी पळालीच कुठेय?