जादूच्या कादंबरीत शिरताना डोळ्यांच्या उड्या

‘तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर’ असं बजावून आई कपिलतीर्थ मंडईत जाते. पोरगं जादूच्या कादंबरीत बुडालेलं. सात शिट्ट्या होतात, डाळ बुडाला लागते आणि शेजारच्या काकू म्हणतात, ‘पुस्तकानं भूल घातली बघा.’ भूल वगैरे काही नाही. आवाज कानात शिरतो, पण लक्ष सगळं गोष्टीनं वापरलेलं असल्यानं त्याची दखल घेतली जात नाही. खरी गंमत कानात नाहीच, डोळ्यांत आहे.

नजर ओळीवरून रंकाळा तलावातल्या होडीसारखी संथ सरकते, असं वाटतं. प्रत्यक्षात ती बेडकासारखी उड्या मारते. एका जागी साधारण पाव सेकंद थांबायचं, मग उडी. उडीला २० ते ४० मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात डोळ्यांपुढून फरफटत जाणारं चित्र मेंदू दाबून टाकतो. आरशात आधी आपल्या डाव्या डोळ्यात बघा, मग उजव्या. बुबुळं हललेली दिसणारच नाहीत. शेजारी उभ्या माणसाला मात्र दिसतात. फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यातही दिसतात, कारण तिथं चित्र किंचित उशिरा येतं. १८७९ मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ एवाल्ड हेरिंग यांनी पापणीवर नळी टेकवून या उड्यांचे धक्के चक्क कानांनी ऐकले होते.

उड्या का माराव्या लागतात? बारीक अक्षर ओळखणारा भाग डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या पीतबिंदूच्या मधोमध, जेमतेम दीड मिलिमीटरचा आहे. हात लांब करून अंगठा धरला, तर नखाएवढाच तुकडा एका वेळी लख्ख दिसतो. १९७५ च्या सुमारास मॅकॉन्की आणि रेनर या मानसशास्त्रज्ञांनी संगणकाच्या पडद्यावर नजरेभोवतीची अक्षरं तेवढी ठेवली, बाकी सगळीकडे फुल्या. नजर हलली की मोकळी खिडकीही हले. अशा प्रयोगांत दिसलं, की डावीकडं तीन-चार आणि उजवीकडं चौदा-पंधरा अक्षरं मोकळी असली, की वाचायचा वेग घटत नाही. म्हणजे आपण एका शब्दावर असतो तेव्हा पुढच्या शब्दाची चाचपणी सुरू झालेली असते. (आकडे इंग्रजी वाचकांचे आहेत, वेलांट्या-जोडाक्षरांच्या देवनागरीला ते जसेच्या तसे चिकटवू नयेत.)

सराईत वाचकाच्याही शंभरातल्या दहा-पंधरा उड्या मागं जातात. अनोळखी शब्द आला की थांबा लांबतो, मागच्या उड्या वाढतात. जादूच्या कादंबरीची पहिली चाळीस-पन्नास पानं म्हणजे अनोळखी नावांचा बाजारच. राजे, मंत्र, गावं, तीनतीन अक्षरी राक्षस. पुष्कळजण इथंच पुस्तक मिटतात आणि ‘कंटाळवाणं’ म्हणतात. करवीर नगर वाचन मंदिरातून पाचशे पानी ठोकळा आणला असेल, तर पहिलं प्रकरण केएमटीच्या बसमध्ये उभ्यानं वाचू नका. सलग अर्धा तास काढा. खुणेच्या पट्टीवर नाव आणि नातं लिहीत जा; मनात एका वेळी चारेक नव्या गोष्टींपेक्षा जास्त धरवत नाहीत. ठोकळ्यात शिवणीकडची अक्षरं वळतात आणि ओळ लांब असली तर परतीची मोठी उडी चुकून भलत्याच ओळीवर पडते. तीच ओळ दुसऱ्यांदा वाचली जातेय असं वाटलं, तर खाली पोस्टकार्ड धरा. नावं ओळखीची झाली की थांबे आखूड होतात आणि मग कुकर ऐकू येत नाही.

जाता जाता एक. सुट्टीत ‘मेंदू जागृत करून डोळे बांधून वाचन’ शिकवणाऱ्या क्लासची पत्रकं फिरतात, फी हजारांत. डोळ्यात उजेड शिरल्याशिवाय छापील अक्षर वाचता येत नाही. पट्टी आणि नाक यांच्यामध्ये फट राहते आणि तिच्यातून मांडीवरचा कागद आरामात दिसतो. नाकाच्या दोन्ही बाजूंना कणकेचे गोळे दाबून बसवा, कागद कपाळाच्या उंचीवर धरा, आणि मग क्लासमधल्या पोराला पहिली ओळ वाचायला सांगा.